तलावावरची मरळ

पाण्यात राहणारा मासा पाण्यातच बुडून मरू शकतो, असे मी सांगितले तर तुम्ही हसाल. माझ्या वर्गातली मुलेही हसली होती. पण ही थट्टा नाही. मरळ नावाचा एक मासा आहे. त्याला कल्ले असतात, पण मोठी झालेली मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगू शकत नाही. तिच्या डोक्यात हवा साठवण्याची एक पोकळी असते. थोड्या थोड्या वेळाने ती पाण्याच्या वर येते, तोंड उघडून हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. तिला वर येऊ दिले नाही, तर ती गुदमरून मरते. उलट, पाण्याबाहेर काढून ओल्या फडक्यात ठेवली, तर कितीतरी तास जिवंत राहते. म्हणूनच बाजारात मरळ टोपलीत मेलेली नसते. ती पाण्याच्या टपात जिवंत असते आणि इतर माशांपेक्षा महाग असते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. मराठीत मासा हा शब्द पुल्लिंगी आहे. मरळ मात्र स्त्रीलिंगी आहे. उर्दूत मछली स्त्रीलिंगी असल्यामुळे तुमच्यापैकी बरेच जण ‘मासा आली’ असे लिहितात. मासा आला, मरळ आली. एवढे लक्षात ठेवा आणि पुढे वाचा.

मरळीचे डोके सापासारखे चपटे असते व त्यावर मोठे खवले असतात. अंग लांब आणि गोल, रंग काळपट. ती पोहत पोहत शिकार शोधत नाही. पाणवनस्पतींच्या आड दबा धरून बसते. बेडूक, झिंगा किंवा लहान मासा जवळ आला की झडप घालते. युरोपात पाइक नावाचा असाच एक शिकारी मासा असतो. त्याचे तोंड बदकाच्या चोचीसारखे चपटे असते आणि त्यात इतके तीक्ष्ण दात असतात की गळाच्या वर दोरीऐवजी तारेचा तुकडा बांधावा लागतो. पाइक आणि मरळ यांचे काही नाते नाही, पण सवय एकच. फरक थंडीचा आहे. पाइक थंड पाण्याचा मासा. त्यासाठी तिकडचे लोक ऐन हिवाळ्यात, बोटे गारठून जातील अशा दिवशी, तळ्याच्या काठी तासन् तास बसतात. पुष्कळ जण तर मासा पकडतात, त्याचे वजन करतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. आमची मरळ थंडीत सुस्त होते. पहाटे ती हलत नाही. ऊन चढले, काठाजवळचे उथळ पाणी कोमट झाले, म्हणजे मग तिला भूक लागते.

हे सारे मला पुस्तकातून थोडे आणि एका धिवर म्हाताऱ्याकडून जास्त कळले. त्या दिवसाची हकिकत सांगतो.

आम्ही कामठीचे राहणारे. गेल्या हिवाळ्यात माझ्या आईचे पोटाचे ऑपरेशन झाले. ऑपरेशन चांगले झाले, पण तिची अन्नावरची वासना उडाली. दोन घास खाऊन ती ताट बाजूला सारी. डॉक्टर म्हणाले, ‘अंगात ताकद यायला हवी. काहीही करा, पण त्यांना खायला घाला.’ एके दिवशी ती आपणहून म्हणाली, ‘लहानपणी आमच्या गावी मरळीचा रस्सा करायचे. तो मिळाला तर खाईन.’ आजाऱ्याला आणि बाळंतिणीला मरळ द्यावी असे आपल्याकडे गावोगाव मानतात. मी बाजारातून आणायला निघालो, तर माझा भाचा आडवा आला. तो आठवीत शिकतो आणि नानीचा फार लाडका आहे. तो म्हणाला, ‘मामूजान, बाजारातली नको. नानीच्या गावच्या तलावातली आणू. मी पकडीन.’

त्याने जन्मात मासा पकडला नव्हता. पण आई हे ऐकून हसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसत होती. मग मी काय बोलणार!

आईचे माहेर भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पुढे आहे. तेथे माझ्या मामूंचे किराणा दुकान आहे. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे एस.टी.ने निघालो आणि रात्री पोहोचलो. भाच्याला एकच धास्ती होती. ‘तिथे सगळे मराठी बोलतील ना?’ असे त्याने मला वाटेत तीनदा विचारले. तो मराठीचे पुस्तक चांगले वाचतो, परीक्षेत गुणही बरे मिळवतो. पण कोणी समोर येऊन मराठीत बोलले की त्याची जीभ टाळूला चिकटते. तुमच्यापैकी काहींचे असेच होते, हे मला ठाऊक आहे.

रविवारी सकाळी मामूंनी आम्हांला तलावावर नेले. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. डिसेंबरात येथे कडाक्याची थंडी पडते. पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो. धान कापून झाले होते. बांध्यांत पुंजणे उभे होते आणि कापलेल्या धानाच्या जागी लाखोळी हिरवीगार उगवून आली होती. तलावाच्या पाळीवर चढलो, तर पाणी दिसेना. सगळीकडे धुके. फक्त अडई बदकांच्या शिट्या ऐकू येत होत्या.

या तलावांना मालगुजारी तलाव म्हणतात. हा शब्द नीट पाहा. माल म्हणजे धन, येथे जमिनीचा सारा. गुजार म्हणजे अदा करणारा. तुम्ही शुक्रगुजार म्हणता ना, तोच हा गुजार. सरकारात सारा भरणारा तो मालगुजार, आणि त्याच्या ताब्यातला तो मालगुजारी तलाव. तलाव खोदले मात्र मालगुजाराच्या हातांनी नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी पाणी अडवण्याची ही विद्या जोपासली. उतार कोठे आहे, पाळ कोठे घालावी, जास्तीचे पाणी कोणीकडून सांडू द्यावे, हे ते नजरेने ओळखत. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यांतले कित्येक दोन-तीनशे वर्षांचे आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. त्या वेळी हा भाग मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारकडे गेले, पण त्यांचे जुने नाव काही गेले नाही.

पाळीवर एक म्हातारे गृहस्थ शेकोटी करून बसले होते. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी. ते धिवर समाजाचे. मासेमारी हाच त्यांचा पिढीजात धंदा. गावातल्या धिवरांची सहकारी संस्था आहे आणि तलाव तिने ठेक्याने घेतला आहे. म्हणून मासा धरायचा तर त्यांना विचारणे भाग होते. मामू त्यांना ‘भाऊ’ म्हणतात, म्हणून आम्हीही भाऊच म्हटले. मामूंनी आईच्या आजाराचे सांगितले. भाऊंना ती आठवत होती. ते म्हणाले, ‘तिच्यासाठी पाहिजे तर परवानगी कायची? आमच्या गावची पोरगी हाय ते.’

मग ते भाच्याकडे वळले. ‘तुले येते का गळ टाकता?’

भाच्याने माझ्याकडे पाहिले. त्याला प्रश्न कळला होता, पण ‘तुला’ऐवजी ‘तुले’ ऐकून तो गोंधळला होता. मी काहीच बोललो नाही. थोडा वेळ गेला. मग तो हळूच म्हणाला, ‘नाही. मी शिकतो.’ त्याला ‘शिकेन’ म्हणायचे होते. भाऊंना ते चालले.

त्या भागात जी मराठी बोलतात, तिला झाडीबोली म्हणतात. झाडी म्हणजे जंगल, जंगलाच्या मुलखातली ती झाडीबोली. त्या बोलीत ‘ण’ नाही, त्याच्या जागी ‘न’ येतो. म्हणून भाऊ पाणी न म्हणता पानी म्हणत. भाच्याचा चेहरा उजळला. पानी तर त्याच्या घरचाच शब्द! वर्गात ‘पाणी’ लिहिताना त्याचा ‘ण’ नेहमी चुकतो. येथे ‘न’ म्हटले तरी कोणी कान पकडीत नव्हते.

भाऊंनी बांबूच्या दोन काठ्या आणल्या. एकेका काठीला नायलॉनची दोरी, दोरीला शिशाचा लहान तुकडा, त्याच्या खाली गळ. दोरीवर मध्ये सोललेल्या ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा बांधलेला होता. तो पाण्यावर तरंगतो आणि मासा लागला की खाली जातो. मरळीसाठी काही लोक जिवंत बेडूक गळाला टोचतात. ते मला पाहवत नाही, आणि मी तसे बोलूनही दाखवले. भाऊ म्हणाले, ‘कोतरी लावू.’ कोतरी म्हणजे बोटाएवढा चांदीसारखा चमकणारा मासा. तेव्हा सकाळचे पहिले काम कोतऱ्या पकडण्याचे ठरले. त्यासाठी दुसरा बारीक गळ आणि गांडूळ. भाच्याने तासाभरात सात कोतऱ्या काढल्या. त्यातली पहिली हाताला लागली, तेव्हा तो एवढ्या मोठ्याने ओरडला की बगळे उडाले.

धुके विरळ झाले आणि तलाव हळूहळू दिसू लागला. एका अंगाला कमळाची पाने, त्यांच्यावरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत होता. दुसऱ्या अंगाला देवधान. देवधान म्हणजे आपोआप उगवणारे रानटी धान. दूर मध्यावर थंड देशांतून आलेली बदके काळ्या ठिपक्यांसारखी दिसत होती. सांडव्याकडच्या काठावर मात्र बेशरमाची झुडपे माजली होती. बेशरम ही वनस्पती तुम्ही पाहिली असेल. जांभळट फुलांची, तोडली तरी पुन्हा वाढणारी. नाव अगदी योग्य आहे! ती वाढते तेथे गाळ साचतो, आणि माशांच्या कामाच्या पाणवनस्पती नाहीशा होतात.

भाऊंनी गळाला कोतरी लावून दिली आणि कमळाच्या पानांजवळ टाकायला सांगितले. आता वाट पाहणे. पाच मिनिटे झाली, दहा झाली. भाचा काठी उचलून पाही, पुन्हा टाकी.

‘काहून घाई करतेस रे, बाबू?’ भाऊ म्हणाले. ‘पानी पाय. पानीच सांगते.’

काहून म्हणजे का, कशासाठी. भाच्याने तो शब्द दोनदा पुटपुटला. मग त्याने भाऊंना विचारले, ‘पाणी काय सांगते?’ त्या दिवशी त्याने आपणहून विचारलेला हा पहिला मराठी प्रश्न होता. भाऊंनी त्याचे उत्तर तोंडाने दिले नाही. हात वर करून गप्प राहण्याची खूण केली. थोड्या वेळाने कमळाच्या दोन पानांच्या मधे ‘चुबुक्’ असा आवाज झाला. लहानसा. आपण बोलत असतो तर ऐकूही आला नसता. पाण्यावर एक वर्तुळ उमटले आणि पसरत गेले.

‘श्वास घेतला तिने,’ भाऊ म्हणाले. ‘मोठी हाय.’

मग ते बोलू लागले. त्यांच्या लहानपणी पहाटे पाळीवर उभे राहिले, तर असे आवाज चारी बाजूंनी येत. मृगाचा पाऊस पडला की मरळीची जोडी गवतात गोल जागा साफ करून अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्ले निघाली की लालसर रंगाचा एक गोळाच पाण्यावर फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली बापाची पहारेदारी चालू असते. अशा वेळी तिला धरायचे नाही, हे भाऊंना त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. आता आवाज कमी झाले. का कमी झाले? गाळ वाढला. शेतात फवारलेली औषधे पाण्याबरोबर तलावात येतात. आणि तिसरे कारण भाऊंनी जरा कचरत सांगितले. संस्था तलावात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडते. ते मोठे होऊन विकले जातात, त्यावर ठेका भरला जातो. मरळ हे बीज खाते. म्हणून मरळ ठेवायची नाही, असे पुष्कळांचे मत आहे. ‘बाजारात तिले सर्वांपेक्षा भाव, आन् तलावात तिचाच राग,’ असे म्हणून ते हसले. त्यांचे म्हणणे मला पटले. तीनच जातींचे मासे वाढवायचे आणि बाकी सगळे शत्रू मानायचे, यात पुढचा हिशेब राहत नाही. पण ठेक्याचे पैसे मी भरत नाही, ते भरतात. तेव्हा मी गप्प राहिलो.

दहाच्या सुमारास ती मोठी मरळ खरोखरच गळाला लागली. धांड्याचा तुकडा एकदम दिसेनासा झाला. भाच्याने काठी ओढली. काठी वाकली, दोरी ताणली आणि ‘सर्र’ करीत कमळाच्या देठांत शिरली. भाऊ ओरडले, ‘ढील दे, ढील दे!’ पण देठांना वेढा बसला होता. एक हिसका आला. दोरी वर आली, तेव्हा तिला गळ नव्हता. भाच्याचे ओठ थरथरले. भाऊंनी काही न बोलता नवा गळ बांधायला घेतला.

बांधता बांधता त्यांना काही तरी आठवले. बंडीच्या खिशातून त्यांनी घडी केलेला एक कागद काढला. ‘मास्तर, हा कागद कायचा हाय, पाहता का? सचिव बाहेरगावी गेले. सून म्हणे, मिटिंगचा असन.’ भाऊंना अक्षरओळख आहे, सही करता येते. पण कचेरीची मराठी त्यांना वाचता येत नाही, आणि त्यात त्यांना कमीपणाही वाटत नाही.

मी कागद घेतला आणि भाच्याच्या हाती दिला. त्याचे मन त्या मरळीवरून काढायला हवे होते, एवढाच माझा हेतू होता. तो अडखळत वाचू लागला. ‘उपरोक्त’ला अडला. ‘अन्यथा’ला अडला. पण मधले शब्द तो भराभर वाचत गेला, आणि वाचता वाचता त्याची मान वर झाली. मुलांनो, कोणते होते ते शब्द? रक्कम. बाकी. मुदत. तारीख. हप्ता. जमा. अर्ज. मंजूर. रद्द. हे सगळे फारसी-अरबीतून मराठीत आलेले शब्द आहेत. शेकडो वर्षे कचेऱ्यांचा कारभार फारसीत चालला, म्हणून हे शब्द मराठीच्या दफ्तरात राहून गेले. ज्या मराठीला भाऊ बिचकत होते, ती भाच्याच्या ओळखीची निघाली!

पण मजकूर कळला तेव्हा आनंद करण्याची ती वेळ नव्हती. ठेक्याच्या रकमेचा एक हप्ता बाकी होता. तो दिलेल्या मुदतीत जमा करावा, मुदत वाढवण्याचा अर्ज मंजूर केला जाणार नाही, रक्कम न आल्यास ठेका रद्द होईल, असे त्यात होते. आणि मुदत होती मंगळवारपर्यंत. त्या दिवशी रविवार होता. कागद चार दिवस भाऊंच्या खिशात पडून होता.

भाऊंनी भाच्याला विचारले, ‘मंगळवार? नीट पाय, बाबू.’

भाच्याने तारखेवर बोट ठेवले, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाला, ‘मंगळवार. परवा.’

गावातली तीस-पस्तीस घरे त्या तलावावर जगतात. ठेका गेला तर दुसरा कोणी घेईल आणि मग त्यांना आपल्याच पाळीवर परके होऊन उभे राहावे लागेल. भाऊ उठले. घोंगडी तेथेच टाकली. मला वाटले, ते घाबरतील, पण ते घाबरले नाहीत. ‘आज पैसे गोळा होतीन, उद्या बँक उघडन,’ एवढेच बोलले. सायकल घेतली आणि कागद खिशात न ठेवता मुठीत धरून गावाकडे गेले. मामूही त्यांच्यामागून गेले. त्यांच्याकडे सचिवांचा मोबाईल क्रमांक होता.

पाळीवर आम्ही दोघेच उरलो. ऊन चांगले तापले होते. भाच्याने कोतरी लावली, पण या वेळी पानांच्या अगदी जवळ न टाकता थोडी अलीकडे, मोकळ्या पाण्यात टाकली. मी त्याला तसे सांगितले नव्हते. तो काठी धरून बसला. जेवणाची वेळ झाली. मामीने दिलेल्या भाकरी आणि लसणाची चटणी आम्ही एका हाताने खाल्ली. भाचा मधेच म्हणाला, ‘मामूजान, त्यांना पैसे मिळतील ना?’ मी म्हणालो, ‘माहीत नाही.’ खरोखरच मला माहीत नव्हते. पुन्हा शांतता. खंड्याने दोनदा सूर मारला, दोन्ही वेळा रिकामाच परतला.

दोन वाजले. तीन वाजले. गावातून शेवटची बस पाच वाजता होती. सोमवारी माझी शाळा होती, त्याचीही. मी मनातल्या मनात साकोलीच्या बाजारातून मरळ विकत घेण्याचा बेत करू लागलो. आईला काय कळणार, असेही मनात आले. पण भाच्याला कळले असते.

साडेतीनला पाण्यावर धांड्याचा तुकडा एकदा हलला, थांबला, आडवा झाला आणि तिरका चालू लागला. भाचा उठून उभा राहिला. त्याने काठी ओढली नाही. ओठ हलत होते, तो आकडे मोजत होता की दुआ मागत होता, ते मला ऐकू आले नाही. तुकडा खाली गेला. मग त्याने काठी बाजूला झुकवून, कमळांपासून दूर, मोकळ्या काठाकडे ओढली. पाणी उसळले. मी चप्पल न काढताच गुडघाभर पाण्यात उतरलो. पाणी बर्फासारखे थंड होते. दोघांनी मिळून तिला चिखलात आणि चिखलातून गवतावर आणले. सकाळच्या मरळीएवढी ती नसावी. पण दीड किलोची तरी सहज होती. काळी पाठ, पांढरट पोट, आणि ते सापाचे डोके. ती गवतावर सरपटत पाण्याकडे चालली होती! भाच्याने घोंगडी टाकून तिला दाबून धरले. भाऊंची घोंगडी चिखलाने माखली.

तेवढ्यात भाऊ आले. त्यांनी मरळ पाहिली आणि घोंगडीही पाहिली. ‘वा रे पोट्ट्या!’ असे म्हणून त्यांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. पैसे जमत होते. कोणी धान विकून ठेवलेले दिले होते, कोणी उसने आणायला गेले होते. सगळे जमले नव्हते. मी पाकीट काढले, तर ते रागावले. ‘आजाऱ्याच्या मासोळीचे पैसे घेत नाही. आन् कागद वाचनाऱ्याले मीच काही द्याले पाहिजे.’ शेवटी मी माशाचे म्हणून नव्हे, तर हप्त्यासाठी उसने म्हणून काही रक्कम मामूंच्या हाती ठेवली. भाऊंनी ती वहीत लिहून घ्यायला लावली. त्यांनी एक पत्र्याचा डबा दिला. झाकणाला भोके पाडलेली, तळाशी थोडे पाणी, वरून ओले पोते. ‘पानी भरू नको,’ ते भाच्याला म्हणाले. ‘तिले हवा पाहिजे.’

बसमध्ये डबा भाच्याच्या पायाशी होता. साकोलीपर्यंत सगळे ठीक चालले. पुढच्या बसमध्ये डब्यातून धडधड आवाज येऊ लागला. शेजारच्या बाईंनी पाय वर घेतले. वाहकाने येऊन विचारले, ‘काय आहे रे त्यात? साप तर नाही ना?’

मी उत्तर देणार, इतक्यात भाचा म्हणाला, ‘मरळ आहे. माझी नानी आजारी आहे. तिच्यासाठी. तुम्ही काहून घाबरता?’

अख्खी बस हसली. वाहकही हसला. ‘कुठला रे तू?’ त्याने विचारले. भाच्याने कामठी न सांगता नानीच्या गावाचे नाव सांगितले. ‘तरीच!’ असे म्हणून वाहकाने त्याला अर्धे तिकीट फाडून दिले. डब्याचे तिकीट घेतले नाही.

घरी पोहोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. झाकण उघडले, तर मरळ जिवंत. आईला उठवून बसवले. तिने डब्यात वाकून पाहिले आणि भाऊंच्या घरच्या माणसांची एकेकाची चौकशी केली. ते कागदाचे सारे भाच्याने तिला सांगितले. रात्री इतक्या उशिरा चूल नको, म्हणून मरळ न्हाणीतल्या टपात सोडली. रात्री तिचा श्वास घेतल्याचा आवाज येत होता. चुबुक्. थोडा वेळ जाई आणि पुन्हा चुबुक्. तो ऐकून भाचा तीनदा उठून पाहून आला.

मंगळवारी दुपारी मामूंचा फोन आला. सचिव रातोरात परतले होते. हप्ता बँकेत भरला, पावती मिळाली. माझे उसने पैसे त्यांनी पुढच्या महिन्यात रोहू विकून परत केले, एक रुपयाही कमी नाही.

मरळीचे सांगायचे राहिले. मासा हलाल करावा लागत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तरी सोमवारी सकाळी ती कापण्याची वेळ आली, तेव्हा भाचा दप्तर आवरण्याचे निमित्त करून आतल्या खोलीत बसून राहिला. माझ्या बहिणीने रस्सा केला. आईने अंथरुणावरूनच ‘हळद जास्त घाल, तेल कमी’ अशा सूचना दिल्या. तिने भाताबरोबर एक वाटी रस्सा संपवला आणि वाटी पुढे केली. भाचा शाळेला जाण्यापूर्वी जेवायला बसला. आधी त्याने नुसताच भात खाल्ला. मग वाडग्याकडे पाहिले, आणि दोन वाट्या रस्सा प्यायला.